कमोदं मुक्यानं काढायची

भागू परटीण पलीकडच्या काठावरून ओरडली, "गये! भोपळे मोकळे हायेत! माणूस कुठं हाय?"

मी वळून पाहिलं. डोहावर सांगड तरंगत होती. सांगड म्हणजे दोरीनं जोडलेले दोन सुके भोपळे. त्यावर छाती टेकून आम्ही तळ्यात फिरायचो. त्या सांगडीवर माझी धाकटी जाऊ यमुना असायला हवी होती. ती नव्हती. मग पानांमधून एक हात वर आला, पानं हलली, हात खाली गेला. यमुना ओरडली नाही. तिच्या जवळ आत्याबाई होत्या, म्हणजे आमच्या सासूबाई. त्याही ओरडल्या नाहीत. भागू त्या वेळी धुणं घेऊन बसलेली नसती तर मला काही कळलंच नसतं. एक तर माझी पाठ तिकडं होती. दुसरं म्हणजे कमोदं काढताना तोंड उघडायचं नाही, असा आमच्या घरचा नेम होता.

हा नेम कसला ते आधी सांगते. नाहीतर पुढचं समजायचं नाही.

आमचं घर फुलाऱ्याचं. गाव जिंतूर तालुक्यात. चारठाण्याहून सकाळी बैलगाडी जुंपली तर न्याहारीच्या वेळेला आमच्या तळ्यावर यावी, एवढ्या अंतरावर. तळ्याच्या बांधावर देवीचं देऊळ आणि तळ्यात कमोदं. पुस्तकात त्याला नीलकमळ म्हणतात. आम्ही कमोद म्हणतो. ते कमळ नव्हे. कमळाचं पान पाण्याच्या वर छत्रीसारखं उभं राहतं. कमोदाचं पान पाण्यावर भाकरीसारखं पसरून पडतं आणि त्याला एका बाजूनं चीर असते. फूल निळं, पाकळी टोकदार, आत पिवळं. ऊन आलं की उघडतं, दुपार उतरली की मिटतं. असं तीन-चार दिवस करतं आणि मग देठ वाकवून आपणहून पाण्याखाली जातं. फळ खालीच धरतं. चारठाण्याच्या जुन्या देवळांच्या खांबांवर दगडात फुलं कोरलेली आहेत. लोक त्यांना कमळं म्हणतात. त्यातली काही मला कमोदंच वाटतात. पण कोरणाऱ्याला विचारावं तर तो नाही.

कीर्तनात सांगतात की हे फूल चिखलात राहून मळत नाही. ज्यांनी सांगितलं ते कधी पाण्यात उतरले नसावेत. मळतं. देठाला शेवाळ असतं, पानाच्या खालच्या अंगाला गोगलगाईची अंडी असतात, जळवा असतात. आम्ही ते सगळं पुसायचो, मग ते पवित्र व्हायचं.

नवरात्रात आमच्या देवीला रोज कमोदाची माळ लागायची. या माळेला सुई नाही, दोरा नाही. फुलाचा देठच थोडा थोडा मोडायचा, पण साल तुटू द्यायची नाही. एक तुकडा डाव्या सालीला लोंबकळतो, पुढचा उजव्या. अशी देठाचीच साखळी होते आणि टोकाला फूल राहतं. अशा साखळ्या एकत्र गुंफल्या की माळ. लहान पोरी खेळात करतात तसंच, पण देवीसाठी केलं की त्याला काम म्हणतात.

आता देठ लांब पाहिजे तर फूल वरून खुडून चालत नाही. ते पार मुळाजवळून काढावं लागतं. सांगडीवर पालथं पडायचं, एक हात देठावरून खाली सरकवत न्यायचा, तोंड पाण्यात घालायचं आणि बोटाला कंद लागला की अंगठ्यानं देठ मोडायचा. विळी नाही, सुरी नाही. देवीच्या फुलाला लोखंड लावायचं नाही. काढलेलं फूल कमरेच्या खाली जाता कामा नये, म्हणून देठासकट गळ्यात घ्यायचं. आणि पाण्यात पाय टाकल्यापासून माळ देवीच्या गळ्यात पडेपर्यंत बोलायचं नाही. बोललं की फूल मिटतं म्हणायचे. मी पुढं आयुष्यभर पाण्यात बोलत कमोदं काढली. फूल दुपारीच मिटतं.

शेवटची, नववी माळ देवीच्या गळ्यातून पायापर्यंत यावी लागे. माळ पायाला लागली तर वर्ष चांगलं जाणार. नाही लागली तर सांभाळून राहा. म्हटलं तर यात थोडा अर्थ होता. तळं भरलं की देठ लांब, म्हणजे पाऊस बरा झालेला. पण तळं भरलंय की नाही हे बांधावर उभं राहूनही दिसतं. लोकांना ते देवीच्या अंगावर बघायचं असायचं.

आमच्याकडं फक्त देवळाचंच गिऱ्हाईक नव्हतं. पोखर्णीकडची एक बाई दरवर्षी कमोदाची फळं न्यायला यायची. बी खाल्लं की मूल होतं, असं तिला कुणी सांगितलं होतं. आत्याबाई फळं द्यायच्या. आम्ही उपासाला ते बी भाजून खायचो. त्यानं आमच्यात कुणाला मूल झालं नाही आणि व्हायचं राहिलंही नाही. चौथ्या की पाचव्या खेपेला ती बाई आलीच नाही. तिला पोर झालं की ती नाद सोडून बसली, आम्हाला कळलं नाही.

एकदा तहसीलदारसाहेबांच्या घरून मागणी आली. संध्याकाळी दावत होती आणि बेगमसाहेबांना पाहुण्यांपुढं निळी फुलं पाण्यात तरंगत ठेवायची होती. आत्याबाई म्हणाल्या, "संध्याकाळी मिटत्यात ती." आलेला शिपाई म्हणाला, "ते फुलांना सांगा. मला हुकूम हाय." आम्ही नेऊन दिली. दिवे लागायच्या आधीच सगळी मिटली. बेगमसाहेब पडद्याआडून आल्या, परातीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगे माँ, ये तो सो गए!" आम्हाला वाटलं आता बोलणी बसणार. त्या हसतच सुटल्या. दुसऱ्या दिवशी तोच शिपाई घोड्यावरून आला आणि तोंड वाकडं करून सांगून गेला, "बेगमसाहेबांचा निरोप हाय. फुलं उठली म्हणं." आत्याबाईंना मी मोठ्यानं हसताना पाहिलं ते तेव्हा. फार वेळा पाहिलेलं नाही.

आत्याबाई उंच, काळ्या, कमी बोलायच्या. मला गावातल्या शाळेत तिसरीपर्यंत शिकवलेलं होतं, म्हणून त्या मला 'पंडितीण' म्हणायच्या. कौतुकानं नव्हे.

खोल पाण्यातलं काम घरातल्या पुरुषांचं होतं. बायका काठचं काढायच्या आणि माळा करायच्या. निजामाचं राज्य जायच्या आधीच्या वर्षी पुरुष राहिले नाहीत. गावात रझाकारांची भीती होती. काही तरणी पोरं निजामाविरुद्ध लढायला हद्दीपलीकडं वऱ्हाडात, कँपात गेली होती, काही नुसतीच जीव घेऊन गेली होती. माझा धाकटा दीर, यमुनेचा नवरा, कँपात गेला. त्याला परत आणतो म्हणून माझा नवरा मागोमाग गेला, तोही आला नाही. सासरे आधीच वारले होते. घरात आम्ही तिघी.

पहिल्या आठ माळा आम्ही काठच्या फुलांवर भागवल्या. आठव्या माळेला दुपारी गुरव आमच्या अंगणात येऊन बसला. चांगला मधल्या वयाचा, धडधाकट माणूस.

"वैनी, उद्याची माळ पायाला लागायला पाहिजे," तो म्हणाला.

आत्याबाई देठ पुसत होत्या. "पाणी जेवढं, तेवढा देठ. मी काय ओढून लांब करू?"

"डोहातली काढा की. गाव लय घाबरून बसलंय. माळ आखूड पडली तर राहिलेलेबी पळून जातील."

"डोहात माझा नवरा उतरायचा, लेकं उतरायची. आता तू उतर."

"मी बुडलो तर पूजा कोण करील?"

"तुझा भाऊ करील. तो तर वाटच बघायलाय."

गुरव हसला नाही. तो उठला, जोडे पायात घातले आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमची बी माणसं तिकडं हायेत. मला काय, मी सांगायचं काम केलं."

तो गेल्यावर यमुना म्हणाली, "आत्याबाई, मी उतरते डोहात."

"तू गप बस."

"मला पोहता येतंय. आमचं माहेर पूर्णा नदीच्या काठाला. पुरात म्हशी काढल्यात मी."

"नदी येगळी. तिथं पाणी असतं. इथं पाण्यात गवताची जाळी हाय."

"माळ लागली तर ती येतील घरी," यमुना म्हणाली. ती म्हणजे तिचा नवरा. तिचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, आणि त्यातले निम्मे दिवस तो कँपात होता.

मी म्हणाले, "अगं, फुलाच्या देठानं माणूस घरी येतो का?"

"अक्का, तुमाला शाळा झाली म्हणून तुमाला काईच खरं वाटत न्हाई," यमुना म्हणाली आणि आत गेली. आत्याबाईंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. रात्री दोरी बघितली आणि सांगडीची गाठ नव्यानं बांधली. त्यांचीही दोन्ही लेकं तिकडंच होती.

आमचा डोह म्हणजे तळ्याच्या पोटात बुडालेली जुनी बारव. तळं कुणी केलं तेव्हा ती आत राहून गेली. पायऱ्या अजून पाण्याखाली आहेत आणि पायऱ्यांच्या फटीत कमोदांचे कंद बसलेत. गावातले सगळ्यांत लांब देठ तिथले. त्या जागी पायात देठ गुंतला तर करायचं काय, ते सांगते. काही करायचं नाही. पाय हलवायचा नाही. अंग सैल सोडून थोडं खाली जायचं, देठ ढिला पडतो, मग हातानं एकेक काढायचा. पण ज्याला पोहता येतं तो लाथ मारतो. नदीत लाथ मारली की माणूस वर येतो. इथं लाथ मारली की गाठ बसते. म्हणून आमच्या तळ्यात न पोहणारा कधी बुडाला नाही, तो उतरतच नाही. बुडाले ते पोहणारे.

आत्याबाईंनी हे यमुनेला पाण्यात पाय टाकायच्या आधी सांगितलं होतं. मी ऐकलं. यमुना मान हलवत होती. पण पाय काय ऐकतात.

नवव्या माळेला ऊन चांगलं पडलं होतं. फुलं पुरती उघडली होती. यमुना डोहावर, आत्याबाई तिच्या अलीकडं, मी पूर्वेच्या उथळ अंगाला. समोरच्या दगडांवर भागू परटीण धुणं आपटत होती. तिला आमचा नेम लागू नव्हता. ती एकटीच बोलायची, आम्हाला चिडवायची. आम्हाला उत्तर देता येत नाही म्हणून तिला जास्त जोर यायचा. "मुक्या बायांनो, तिघी सासवा-सुना एका जागी अन् भांडण न्हाई. देवीनं रोज अशी तोंडं शिवली तर गावाचं भलं हुईल!" यमुना पाण्यात तोंड घालून हसली, बुडबुडे आले. हे मी पाहिलं. त्यानंतर मी पाठ फिरवली.

मधलं मी पाहिलं नाही. ते भागूनं मला नंतर सांगितलं, आणि ती थापा मारणारी बाई नव्हती. यमुनेच्या गळ्यात देठांचा भारा झाला होता. ती आणखी एका फुलासाठी खाली वाकली आणि सांगड तिच्या छातीखालून निसटली. तिनं पाय मारले. दोनदा वर आली. दुसऱ्यांदा तोंड पाण्याच्या वर होतं आणि श्वास घेतलेला दिसला, म्हणजे हाक मारता आली असती. मारली नाही. आत्याबाईंनी मान वळवली आणि तिला बघितलं. त्यांचं तोंड उघडलं. मग त्यांनी स्वतःचा हात तोंडावर ठेवला आणि दाबून धरला. मग हात काढला, आपली सांगड सोडली आणि त्या डोहाकडं गेल्या.

भागू म्हणाली, "गये, मला वाटलं म्हातारीला ठसका लागला. पोरगी फुलासाठी बुड्या मारायलीय वाटलं. भोपळे मोकळे दिसले तवा मी बोंबलले."

मी निघाले तेव्हा आत्याबाई पाण्याखाली गेल्या होत्या. मी पानं तुडवत, ओरडत गेले. काय ओरडले ते आठवत नाही. सांगडीवरून डोहापर्यंत जायला वेळ लागतो, ती घाईनं पळत नाही. मी पोचले आणि त्याच वेळी यमुना वर आली. आपणहून आली नाही, कुणीतरी खालून ढकलल्यासारखी कमरेपर्यंत वर आली आणि आडवी झाली. मी तिचे केस धरले आणि तिला माझ्या भोपळ्यांवर घेतलं. तिच्या पायाला देठांचे तुकडे चिकटलेले होते, सगळे खालून मोडलेले. अंगठ्यानं मोडतात तसे.

भागू गळ्यापर्यंत पाण्यात आली होती. तिनं कुणाचं तरी नऊवारी लुगडं पिळून माझ्याकडं फेकलं, मी टोक धरलं, तिनं ओढलं. मी ओरडत होते, "आत्याबाई, वर या! आत्याबाई!" यमुनेला काठावर पालथं टाकलं. तिच्या तोंडातून पाणी आलं, मग ओकारी आली, मग रडणं आलं. तिला भागूच्या हवाली करून मी परत गेले. माझा हात पायरीला लागला, देठांना लागला. दुसऱ्या कशाला लागला नाही. मी किती वेळा खाली गेले, मला सांगता येणार नाही. माझी छाती फुटायला आली तेव्हा दोन म्हाताऱ्यांनी मला धरून काढलं.

आत्याबाईंना दुपारनंतर गळ टाकून काढलं. तोवर फुलं मिटली होती.

आता गुरवाचं सांगते. तो धावत आला होता, गळ आणायला त्यानंच पोरं पिटाळली होती. हे खरं आहे, तो दगड नव्हता. पण यमुना जरा बसती झाल्यावर तो तिच्या गळ्याकडं बघायला लागला. देठ अजून तिच्या गळ्यातच होते.

"ती फुलं देता का?" तो हळू आवाजात म्हणाला.

भागू म्हणाली, "अरे मुडद्या, म्हातारी अजून पाण्यात हाय."

"म्हणूनच म्हणायलोय. वर काढली की सुतक लागतं. आत्ता काढलेली फुलं चालतात. लोक बांधावर जमायलेत. माळ पडली न्हाई तर काय हुईल त्यांचं?"

मी माझ्या गळ्यातली फुलं काढून त्याच्या पुढं टाकली. त्यानं उचलली नाहीत. म्हणाला, "तुमची न्हाई चालत, वैनी. तुमी बोललात." यमुनेची घेतली. आत्याबाईंची सांगड काठाला लागली होती, तिच्या दोरीत दोन फुलं अडकलेली होती, तीही घेतली. त्या दोघी बोलल्या नव्हत्या.

माळ देवळात त्यानंच केली. ती पायाला लागली आणि वर वीतभर उरली. लोकांना बरं वाटलं, असं ऐकलं. आम्ही देवळात गेलो नाही, आम्हाला सुतक होतं. वर्ष कसं गेलं विचाराल, तर रानात पीक बरं होतं आणि ते काढायला माणूस नव्हता. निम्मी ज्वारी पाखरांनी खाल्ली.

पुढच्या वर्षी राज्य बदललं आणि माझा नवरा आला. धाकटा दीर आला नाही. तो कँपात तापानं गेला होता, माळेच्या कितीतरी आधी. आम्हाला कळलं नव्हतं.

तळ्याच्या काठावर आता एक दगड आहे, शेंदूर लावलेला. त्याला मौनीबाई म्हणतात. आत्याबाईंनी जीव दिला पण नेम मोडला नाही, असं सांगतात आणि नवस बोलतात. मी कुणाचं तोंड धरत नाही. पण मला विचारलं तर सांगते. त्यांनी हाक मारली असती तर मी भागूच्या आधी वळले असते. दोघींनी मिळून पोरीचे पाय सोडवले असते. त्यांना पाणी माहीत होतं, देठ माहीत होते, वय झालं होतं तरी दम होता. त्या नेमापायी मेल्या. देवीला याचं काय वाटलं ते मला माहीत नाही, तिनं मला सांगितलेलं नाही.

पुढं मी म्हातारी होईपर्यंत हे काम केलं. पहिल्याच वर्षी गुरवाला सांगितलं, आमच्या घरची बाई पाण्यात बोलणार. तो म्हणाला फुलं चालणार नाहीत. मी म्हणाले, मग तूच उतर. फुलं चालली. ज्या कुणाला मी काम शिकवलं, तिला पाण्यात सारखं बोलायला लावलं. भाजी काय केली सांग, सासूला शिव्या दे, काहीही बोल, पण आवाज थांबता कामा नये. आवाज थांबला की बाकीच्यांनी वळायचं. लोक म्हणायचे, फुलाऱ्याच्या बायका लय तोंडाळ झाल्या. झालो.

यमुना पुन्हा तळ्यात उतरली नाही. दोन वर्षांनी तिच्या भावानं तिला माहेरी नेलं. ती तिथंच राहिली, लोकांच्या रानात कामाला गेली, दुसरं लग्न केलं नाही. मला एकदा भेटली तेव्हा मी विचारलं, दुसऱ्यांदा वर आलीस तेव्हा हाक का नाही मारलीस? ती म्हणाली, "अक्का, आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या देखत कसं बोलू?"

त्या दिवशी तळ्यात आम्ही तिघी उतरलो होतो. यमुना वाचली. मी वाचले.